मागलं दार

देवास गाव एक, पण दरबार दोन. एक थोरली पाती, एक धाकटी. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, तिथेही एक थोरली नि एक धाकटी. परक्या माणसाला हे समजावता समजावता घसा कोरडा पडतो. देवासकराला विचाराल तर तो म्हणेल, "त्यात काय एवढं? सख्ख्या जावांच्या दोन चुली." रस्त्याच्या एका अंगाला एकाचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा. आणि दत्तोपंतांचं घर नेमकं अशा जागी बसलेलं, की पुढचं दार थोरल्या पातीत उघडायचं आणि परसातलं मागलं दार धाकट्या पातीत.

दत्तोपंत थोरल्या पातीच्या दफ्तरात मोडी कारकून होते. सव्वीस वर्षं जाजमावर मांडी घालून बोरू चालवलेला माणूस. स्वभावानं गरीब, पण एक खोड भारी वाईट. काहीही करायचं म्हटलं की कागद उभा दुमडायचा, डाव्या अंगाला 'लाभ' लिहायचं आणि उजव्या अंगाला 'तोटा'. न्हावी बदलायचा झाला तरी कागद. सावित्रीबाई, म्हणजे त्यांची बायको, हसून लेकीला म्हणायच्या, "मला पाहायला आले तेव्हाही घरी जाऊन कागद केला असणार बघ. तोट्याच्या बाजूला काय काय लिहिलं होतं, देव जाणे." त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, तेव्हा जाणायचं काम देवावरच सोडलेलं बरं होतं.

सावित्रीबाईंचा सगळा जीव त्या मागल्या दारात होता. उगाच नव्हे. थोरली लेक सुभद्रा त्यांनी सतवासला दिली. स्थळ चांगलं, माणसं चांगली, पण वाट दोन दिवसांची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं, तर गाडी निघायच्या आतच पोरीचे दिवस भरले. पावसानं वाटा अडल्या, आणि निरोप देवासला पोचला तेव्हा तिकडे तेरावं चाललं होतं. त्या दिवशी सावित्रीबाईंनी देव्हाऱ्यापुढे हात आपटून सांगितलं, "दुसरीला मी लांब देणार नाही. राजा मागणी घालायला आला तरी देणार नाही." आणि कमलला त्यांनी दिली ती भिंतीपलीकडे. परसाला लागून जमुनाबाईंचं घर होतं, धाकट्या पातीतलं. मागलं दार उघडलं की पाच पावलांवर लेकीचं सासर.

त्या दारातून काय काय जायचं! विरजण जायचं, मेतकूट यायचं. आड कमलच्या बाजूला, म्हणून सावित्रीबाई दिवसातून दहा वेळा पाण्याला तिकडे जात. घागर भरता भरता लेकीचा चेहरा बघून घेत, डोळे सुजलेत की नाहीत तेवढं पुरे. जमुनाबाईही काही सासू म्हणून मिरवणाऱ्यातल्या नव्हत्या. दुपारी त्याच उंबऱ्यावर बसून विहिणी-विहिणी तांदूळ निवडत आणि गावाचं बरंवाईट करत.

एकोणीसशे चार साली धाकटा मुलगा शरच्चंद्र एंट्रन्स पास झाला आणि घरात कागद दुमडला गेला. कॉलेजात पाठवावं की नाही?

मग काय विचारता! आठ दिवस ओटीवर नुसता बाजार. जो येई तो एक लाभ नाहीतर एक तोटा टाकून जाई, वर सुपारीही खाऊन जाई. दत्तोपंतांचे चुलतभाऊ यशवंतराव म्हणाले, "भिया, मुलगा हातचा जाईल. इंदूरला पोरं चहा पितात. आज चहा, उद्या बूट, परवा शेंडी." दत्तोपंतांनी चहा, बूट, शेंडी उजवीकडे लिहिलं. कुणी म्हणालं, बी.ए. झालेल्याचे डोळे जातात. कुणी म्हणालं, डोळे राहतात पण डोकं जातं. डाव्या अंगाला मात्र दत्तोपंतांनी पहिल्याच दिवशी टपोऱ्या अक्षरांत एकच गोष्ट लिहून ठेवली होती, 'खुर्ची'. जाजमावरून उठताना त्यांचे गुडघे वाजत. इंग्रजी शिकलेली कालची पोरं दरबारात खुर्चीवर बसत आणि हे त्यांच्या पायाशी कागद धरून उभे. आपला मुलगा खुर्चीवर बसलेला एकदा डोळ्यांनी पाहायचा, यापुढे शेंडीचं काय घेऊन बसलात?

शरद बापडा कुणाला विचारायचं धाडसच करत नव्हता. त्याला जायचं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसे, आणि आईला तर आधीच दिसलं होतं. खोटं कशाला बोला, सावित्रीबाईंनाही मुलगा बी.ए. व्हायला हवा होता. त्यांनी दोन्ही देवींना नवस बोलून ठेवला, कारण एकीलाच बोललं आणि दुसरी रुसली तर?

खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा दत्तोपंतांनी दरबाराकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला. कारभारी बापूसाहेब मोठे हसतमुख गृहस्थ. अर्ज वाचून म्हणाले, "मंजूर होईल हो. पण दत्तोपंत, तुमचं घर नक्की कुठल्या पातीत म्हणायचं? तोंड आमच्याकडे आणि पाठ त्यांच्याकडे!" आणि खदखदून हसले.

दुसरा कुणी असता तर तोही हसला असता. दत्तोपंत घामाघूम होऊन घरी आले. पागोटं न काढता त्यांनी तोच कागद ओढला आणि दिवेलागणीपर्यंत त्यावर काहीतरी लिहीत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं, आणि या माणसानं ठरवलं, की मागलं दार बुजवून टाकायचं. एक घर, एक पाती, एक दार. कुणाला बोट ठेवायला जागा नको.

सावित्रीबाई वाढत होत्या. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"अहो, पण कमल?"

"कमल कुठे जाते? पुढच्या दारानं येईल. दार ते दार."

"भर बाजारातून? सुनेच्या जातीनं?"

"अगं, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी सगळा विचार केला आहे. कागदावर केला आहे."

 समोर शरद खाली मान घालून भात कालवत होता. त्याच्याकडे पाहिलं आणि सावित्रीबाईंनी आमटी वाढली.

तिसऱ्या दिवशी गवंडी आला. त्यालाही ते बरं वाटत नव्हतं. "बई, मैं तो हुकूम का आदमी," असं दोनदा म्हणाला आणि विटा रचू लागला. पलीकडे कमल घागर घेऊन उभी राहिली होती. भिंत तिच्या कमरेपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत. शेवटी कपाळावरचं कुंकू तेवढं दिसत होतं, आणि मग तेही दिसेना. जमुनाबाईंचा आवाज मात्र खणखणीत आला, "विहीणबाई, आमच्या तोंडावर भिंत घातलीत! बरं केलंत हो!" त्या दिवसापासून दोन्ही घरांचं विरजण वेगळं झालं, आणि सावित्रीबाईंचं पाणी गावविहिरीवरून येऊ लागलं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि शरद टांग्यात बसून इंदूरला गेला.

पुढची चार वर्षं कशी गेली ते सावित्रीबाईंना विचारा. रुसलेल्या सासूच्या घरून सून माहेरी यायची म्हणजे परवानगी हवी, सोबत हवी, निमित्त हवं. कमल वर्षातून एकदा, फार तर दोनदा आली. पहिल्या बाळंतपणाला ती आली तेव्हा पाच पावलांच्या माहेरासाठी बैलांची दमणी जुंपावी लागली. पडदे सोडलेली दमणी सगळ्या बाजाराला वळसा घालून पुढच्या दाराशी थांबली, आणि पोरगी उतरता उतरता म्हणाली, "सतवासहून आले गं आई." हसत म्हणाली, पण सावित्रीबाईंनी तिची दृष्ट काढल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू दिला नाही. परसातल्या त्या भिंतीकडे मात्र ती कुठल्याच खेपेला फिरकली नाही. दीड महिन्यानं लेक आणि तान्ही नात त्याच दमणीतून परत गेल्या.

दुपारी सावित्रीबाई सूप घेऊन त्या भिंतीला पाठ लावून बसत. सवय जात नाही माणसाची. पलीकडून रोज खर्र खर्र आवाज येई. कमल तवा घासत असणार, त्या मनाशी म्हणत. रोजच्या रोज एवढं काय करपतं त्या घरात? पोरीच्या हाताची सालटं निघाली असतील. जमुनाबाईंना जरा म्हणून दया नाही. असं मनातल्या मनात भांडून झालं, की त्या पदरानं डोळे पुसत आणि तांदूळ घेऊन आत जात.

एकोणीसशे आठ साली शरच्चंद्र बी.ए. होऊन आला. बूट होते, चहा होता, शेंडी टोपीखाली लपेल एवढीच उरली होती. दत्तोपंतांनी गावभर पेढे वाटले. फक्त खुर्ची तेवढी मिळाली नाही. दोन्ही पात्यांच्या दरबारात मिळून एकही जागा रिकामी नव्हती. शेवटी खुर्ची निघाली ती धारला. म्हणजे ज्या मुलाची पाती शाबीत करायला घराची पाठ बुजवली, त्यानं चाकरी करायची ती तिसऱ्याच संस्थानात. रुजू व्हायला आठ दिवस होते. दत्तोपंतांना मुलगा खुर्चीवर बसलेला पाहायचा तर आता धारला जायला हवं होतं, आणि गुडघे तर इथल्या जाजमावरूनही उठू देत नव्हते.

बापूसाहेब पेढे खायला घरी आले. हात धुवायला परसात गेले आणि तिथून ओरडले, "अहो दत्तोपंत, इथलं दार कुठे गेलं?"

"आपणच नव्हतं का विचारलं, घर कुठल्या पातीत म्हणून?"

"मी?" बापूसाहेबांना आठवायलाही वेळ लागला. "अरे देवा! ती थट्टा होती हो. तुमचा अर्ज तर त्याच संध्याकाळी मंजूर झाला होता." ते हसू लागले, मग सावित्रीबाईंचं तोंड पाहून घाईनं जोडे घालून निघाले.

त्याच संध्याकाळी शरद धारला न्यायचे दाखले शोधत होता. बापाच्या कागद बांधून ठेवायच्या रुमालात त्याला उभा दुमडलेला एक कागद सापडला. "आई, हे ऐक, मजा आहे!" म्हणत तो मोठ्यानं वाचू लागला. खुर्ची. साहेबाशी बोलता येईल. मुली सांगून येतील. मग उजवी बाजू. चहा, बूट, शेंडी, डोळे, डोकं. दत्तोपंतही हसले. चार वर्षांपूर्वीची भीती आता घरातच वावरत होती, आणि तिचं काही वाटत नव्हतं.

"आणि हे सगळ्यात खाली," शरद म्हणाला, "मागील दार. किरकोळ."

वाचून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय वाचलं ते. त्यानं कागद हळूच खाली ठेवला.

चार वर्षं सावित्रीबाईंनी नवऱ्याची समजूत घातली नव्हती, स्वतःची घातली होती. बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल. पुरुषमाणूस, त्यांना काय ठाऊक दारातून काय जातं येतं? आणि इथे तर लक्षात आलं होतं. बोरूनं लिहिलं होतं, तोलून पाहिलं होतं, आणि पुढे त्याचं वजनही मांडलं होतं.

"काय म्हणालास? परत वाच."

"आई, जाऊ दे ना..."

"वाच!"

"किरकोळ," शरद म्हणाला.

दत्तोपंत खाकरले. "आता तशी अडचण नाही म्हणा. दार उघडता येईल. पण जमुनाबाई काय म्हणतील, भिंत पाडताना छताला धक्का बसेल का, सगळं बघायला हवं. थांब, एक कागद..."

"कागदाला हात लावाल तर चुलीत घालीन!" सव्वीस आणि चार, दत्तोपंतांच्या चाकरीच्या तीस वर्षांत त्या घरात एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "शरद, पहार आण. चार वर्षं शिकलास ना? आता वीट काढायला शीक."

बी.ए. झालेल्या मुलानं बूट काढले आणि पहार आणली. दत्तोपंत कंदील धरून उभे राहिले, कारण काय करावं ते त्यांना सुचेना. शरदनं पहारीचं टोक एका फटीत घातलं, पाय रोवले, सगळा जोर लावला, आणि तोल जाऊन पडता पडता वाचला. वीट खवल्यासारखी सुटून आली होती. पलीकडच्या बाजूनं तिच्याभोवतीचा चुना केव्हाच खरवडून काढलेला होता.

भोकातून पलीकडच्या दिव्याचा उजेड आला. मग एक हात आला, हातात झिजून अर्धं झालेलं उलथनं होतं. त्यामागे आवाज ऐकून धावत आलेल्या कमलचा चेहरा दिसला.

"अगंबाई, आलीस?" ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "सासूबाई दुपारच्या झोपल्या की रोज थोडं थोडं. माझ्या तीन विटा झाल्यात गं आई. तुझ्या बाजूनं किती झाल्या?"

सावित्रीबाईंनी भिंतीच्या आपल्या अंगाकडे पाहिलं. चार वर्षं रोज दुपारी त्यांनी पाठ टेकली होती, तेवढ्या जागेवरचा चुना गुळगुळीत झाला होता. नखाचा एक ओरखडा त्यावर नव्हता.

त्यांनी पदर खोचला आणि मुलाच्या हातातून पहार घेतली.