ढिली कमान

सुनेने जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरला, त्यावर हेडफोन उताणा ठेवला आणि डोक्यावरच्या कमानीचा पहिला स्क्रू सोडवला. समोर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला.

"अगं, एवढी महागाची वस्तू! दुकानात तरी दाखव."

"दुकानात दिला तर तिथेच अडकून पडेल, आई. उद्या काम पोचवायचंय."

लोकांच्या मुलाखतींमधली खरखर काढून आवाज स्वच्छ करायचा, हे सुनेचं काम. ती ते घरूनच करी. कमान ढिली झाल्यापासून मान खाली घातली की कानांवरचे दोन्ही कप गालांवर उतरत, आणि एका हाताने ते धरून ती कशीबशी काम रेटत होती.

सासूबाईंचं आणि त्या हेडफोनचं कधी जमलं नाही. सून दिवसभर तो चढवून बसे. घरात माणूस असून नसल्यासारखं. एक सोय मात्र होती. दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला की सुनेच्या पाठीमागच्याच खुर्चीत ऐसपैस बसून सुनेचं सगळं पुराण सांगता येई. भाजी खारट, बोलणं मोजकं, उठणं उशिरा. "हिला कुठे काय ऐकू येतंय!" हे पालुपद ठरलेलं.

पण आज त्या बघतच राहिल्या. मोहरीएवढे स्क्रू सुनेने चिमट्याने उचलून ओळीने मांडले. आत एक पातळ पोलादी पट्टी होती. तिच्या दाबाने कपाची दांडी जागेवर राहायची, ती पट्टीच दबून सपाट झाली होती. सुनेने ती जराशी वाकवली, सगळं परत बसवलं आणि कप ओढून पाहिला. जागचा हलेना.

"जास्त वाकली," ती म्हणाली आणि कपाळाला आठीही न पाडता पुन्हा पहिल्या स्क्रूपासून सुरू झाली. तिच्या जागी सासूबाई असत्या तर एव्हाना आदळआपट झाली असती, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. या खेपेला दांडी बेताने सरकली आणि सोडली तिथे थांबली.

"तुझ्या हातात जादू आहे गं!"

सून हसली. "जरा घालून बघता? घसरतो का, ते मला समोरून बघायचंय."

सासूबाईंनी हेडफोन घातला, मान खाली केली, हलवली. कप ढळले नाहीत. कुणा म्हाताऱ्याची मुलाखत लावून देऊन सून हात धुवायला आत गेली.

"आई, चहा टाकू?"

"टाक की," सासूबाई म्हणाल्या आणि चपापल्या. म्हातारा कानात बोलतच होता. तरी नळाचं पाणी, पातेल्याचा आवाज, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अगं, यातून बाहेरचंही ऐकू येतं?"

"हो. याचे कप मागून उघडे असतात," सून साखरेचा डबा उघडत म्हणाली. "आवाज मोकळा येतो, म्हणून कामाला हाच बरा."

सासूबाईंचे कान तापले. गुडघे दुखतात हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त बहिणीला फोनवर. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खुर्चीपुढे पाय ठेवायला एक बुटकं स्टूल आलं होतं. भाजीतलं मीठही मध्येच केव्हातरी कमी झालं होतं. एवढं सगळं ऐकून या पोरीने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिचं फार कौतुक वाटलं.

दुपारी फोन वाजला तेव्हा सून हेडफोन लावून कामाला बसली होती. सासूबाई फोन घेऊन आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, घुटमळल्या, आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसल्या.

"मग, काय म्हणतात सूनबाई?" धाकटीने नेहमीसारखी सुरुवात केली.

"माझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे ती. मीच फार तोंड सोडलं तिच्यावर. चुकलं माझं."

"आज हे काय नवीन? ती घरात आहे वाटतं?"

"आहे ना. ही काय, पुढ्यातच बसलीय. हेडफोन लावून."

"मग तिला कुठे ऐकू येतंय? उगाच कशाला गोड बोलतेस, ताई?"

सुनेचा माउसवरचा हात केव्हाचा थांबला होता.

"बोलू दे गं मला," सासूबाई म्हणाल्या.