दगड ओढतोय

मित्रांनो, मी एक जुना तांबडा अकीक आहे, म्हणजे अकीक दगडाचा मणी. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. तुमच्या पणजोबांचे पणजोबा जन्मले तेव्हाही मी म्हाताराच होतो. आकाराने म्हणाल तर बोराएवढा, आरपार भोक असलेला, एका अंगाने जरासा टवका उडालेला. “दगड आहेस नुसता!” असं तुमचे मास्तर तुम्हाला म्हणतात ना? ते काही कौतुकाने म्हणत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण दगडालाही ऐकू येतं हो. बोलता मात्र येत नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

एका नदीच्या पात्रात मी मळकट पिवळा गोटा होऊन पडलो होतो. एका कारागिराने मला उचललं, मडक्यात घालून गरम राखेत भाजलं. कितीतरी वेळा भाजलं, तेव्हा कुठे माझा रंग तांबडा झाला. मग टाकीने ठोकून ठोकून त्याने मला गोल केलं आणि दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव मी सोसले. देवपण मात्र माणसांनी आपल्या मनाने मला चिकटवलं. मी काही मागितलं नव्हतं.

आणि काय काय चिकटवलं म्हणून सांगू! कुणी म्हणालं, मावळत्या सूर्याचा थेंब गोठून हा झाला आहे. कुणी म्हणालं, हा जवळ असला की जखमेचं रक्त थांबतं. शिपाई मला दंडावर बांधून लढाईला गेले. त्यांचं रक्त वाहायचं तेवढं वाहिलंच, पण जे परत आले त्यांनी माझं नाव गाजवलं. जे परत आले नाहीत ते कशाला सांगायला येतात? पुढे एका तापाने फणफणलेल्या मुलीच्या कपाळावर मला ठेवलं. मी गरम झालो. “दगड तापला! त्याने ताप ओढून घेतला!” म्हणून तिची माणसं नाचली. दोन दिवसांनी त्यांनी तिला पुरलं आणि तिच्याबरोबर मलाही. त्या मातीत मी फार काळ पडून राहिलो. राज्यं आली, गेली. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

मग कधीतरी माती उकरली गेली आणि खाणीच्या कच्च्या दगडांबरोबर एका पोत्यात भरून मी मणी घासणाऱ्यांच्या गल्लीत आलो. तिथे मला भेटले झिलईवाले. त्यांचं खरं नाव गल्लीतही कुणाला आठवत नसे. दगडाला अशी झिलई करायचे की त्यात बघून भांग पाडावा. त्यांनी पोत्यातून मला काढलं, भोकातून उजेडाकडे बघितलं आणि मोठ्याने हसले.

“अगं, इकडे ये,” त्यांनी बायकोला हाक मारली. “हा बघ आपल्याच धंद्यातल्या एका म्हाताऱ्याचा हात! दोन्हीकडून भोक पाडत आलाय आणि मधे भोकं जुळवताना जरा चुकलाय बिचारा.”

“तुम्ही कधी चुकत नाही वाटतं?” दाराशी मणी ओवत बसलेली बायको म्हणाली.

“चुकतो की. पण माझी चूक इतकी टिकायची नाही.”

त्यांनी मला विकलं नाही. हलक्या हाताने घासून चकाकी आणली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. इतक्या वर्षांत माझ्या कारागिराची आठवण काढणारं ते पहिलं माणूस. मला त्यांचा लळा लागला. दगडाला लळा लागतो का, असं विचारू नका. लागला.

त्यांची कामाची खोली लहान होती. खिडकीखाली घासायचं चाक, त्याच्यासमोर ठेंगणं स्टूल, भिंतीला फळ्या. चाक फिरू लागलं की दगडाची भुकटी धुरासारखी उडायची. फळ्यांवर बसायची, भुवयांवर बसायची, चहाच्या पेल्यावर साय धरल्यासारखी बसायची. गल्लीत सगळेजण दगड कोरडाच घासत. ओल्या दगडाला खोटी चकाकी येते आणि खरी झिलई किती झाली ते डोळ्याला कळत नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

त्या गल्लीत एक शब्द होता: ‘धंद्याचा खोकला’. तो साधा खोकला नव्हे बरं का. तो मानाचा. ज्याला खोकला नाही त्याचा हात अजून बसलेला नाही, असं जुनी माणसं म्हणत. तरुण माणूस पहिल्यांदा चाकाशी बसून कोरडा खोकला की शेजारी पाठ थोपटून म्हणत, “झाला बुवा कारागीर!” झिलईवाल्यांना तो खोकला लागला होता तेव्हा त्यांच्या वडिलांनी गल्लीभर मिठाई वाटली होती. हे ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत आणि सांगता सांगता खोकत.

मी त्यांच्या छातीवर लोंबत असे, म्हणून मला आतलं ऐकू येई. आधी बारीक शिट्टी वाजायची. मग जिना चढताना धाप लागू लागली. मग बोलताना वाक्य मधेच तुटू लागलं.

त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होती. ती एकदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाबा, आमच्याकडे चाकावर सतत पाणी सोडतात. धूळ उडतच नाही. तुम्हीही पाणी सोडा आणि छातीच्या दवाखान्यात चला.”

“काच म्हणजे काय दगड आहे का?” ते म्हणाले. “आणि डॉक्टर काय सांगणार? काम बंद करा. मग बसून काय माशा मारू?”

“बाबा, माशा मारायलाही दम लागतो.”

ते हसले. हसताना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. लेकीने पाणी आणून दिलं, पण विषय सोडला नाही.

त्यांच्याकडे दगड घ्यायला एक बाई येत. गल्ली त्यांना ऊर्जाताई म्हणे. दोन रस्ते पलीकडे त्यांची एक स्वच्छ, शांत खोली होती. माणसाला आडवं करून त्या अंगावरच्या सात चक्रांवर सात रंगांचे दगड ठेवत आणि अडलेली ऊर्जा मोकळी करत. बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. माणसाचं सगळं ऐकून घ्यायच्या. तेवढ्यानेच पुष्कळांना बरं वाटायचं. झिलईवाल्यांची धाप बघून त्यांचे डोळे भरून आले.

“खरं तर तांबडा दगड नाभीखाली ठेवायचा, छातीला हिरवा,” त्या म्हणाल्या. “पण हा इतका जुना आहे, याच्यात केवढी शक्ती साठली असेल! हाच छातीवर ठेवा. गरम झाला की समजा, दगड ओढतोय. मग पाण्यात बुडवा, म्हणजे ओढलेलं सगळं सोडून देईल.”

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. अहो, वाटीत गरम आमटी ओतली की वाटी तापते. म्हणून वाटीने आमटीचा आजार ओढला, असं कुणी म्हणतं का? मी अंगाला लागलो की अंगाइतका गरम होतो. त्यात माझी काही करामत नाही. पण तोंड कुठलं आणायचं?

त्या दिवसापासून बायकोने व्रत घेतल्यासारखं सुरू केलं. रोज दुपारी ती त्यांना झोपवायची, मला छातीच्या मधोमध ठेवायची आणि शेजारी बसून राहायची. थोड्या वेळाने बोट लावून बघायची. “ओढतोय हो!” तिचा चेहरा उजळायचा. मग मला पाण्यात बुडवायची आणि ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून लांब नेऊन भिंतीच्या कडेला ओतायची. कुंडीतल्या झाडालाही घालायची नाही. झाडाला बाधेल म्हणून! एवढी काळजी, एवढी माया, आणि सगळी एका दगडावर वाया चाललेली. ज्या दिवशी त्यांना कणकण असायची त्या दिवशी मी जास्त तापायचो, आणि त्या दिवशी घरात जास्त आनंद व्हायचा. “आज तर खूपच ओढलं,” ती म्हणायची. विश्रांती झाली की झिलईवाले उठून पुन्हा चाकाशी बसायचे.

असे हिवाळे गेले, उन्हाळे गेले. माणूस वाळत गेला. शेवटी एका सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता लावता धाप लागली, तेव्हा लेकीने कुणाचं काही ऐकलं नाही. रिक्षा दाराशी आणूनच उभी केली.

निघताना बायकोने मला चिकटपट्टीने त्यांच्या छातीवर घट्ट बसवलं. दवाखान्यात छातीचा एक्स-रे फोटो काढणारा म्हणाला, “अंगावरचं सगळं काढा.” झिलईवाल्यांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, शर्ट काढून दवाखान्याचा झगा घातला. माझ्याबद्दल मात्र गप्प राहिले. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाने माझ्यासाठी तेवढी लपवाछपवी केली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत पांढऱ्या ठिपक्यांचा चुरा पसरला होता. आणि बरोबर मधोमध एक मोठा, गोल, ठसठशीत डाग.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

झिलईवाल्यांनी ओशाळून झगा बाजूला केला. मला वाटलं, आता या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, हा मोठा डाग म्हणजे वरचा दगड. आणि हे बारीक ठिपके म्हणजे आतला. दगड तोच. भुकटी होऊन श्वासाबरोबर आत गेलेला.”

बायको फोटोजवळ वाकली.

“मग ते आतलं… धुऊन नाही का काढता येत?” बायकोने विचारलं. “पाण्याने?”

“नाही हो काकू. वरचा काढता येतो. आतला नाही. खोकला सुरू झाला तेव्हाच धूळ थांबवली असती, तर गोष्ट वेगळी होती.”

“खोकला सुरू झाला तेव्हा,” झिलईवाले म्हणाले, “आम्ही मिठाई वाटली होती.”

मित्रांनो, त्यांच्या छातीवर मी होतो आणि छातीच्या आतही मीच होतो. माझीच जात, माझीच भुकटी. ज्या माणसाने मला मातीतून काढून गळ्यात घातलं, त्याचा गळा आतून माझ्याच भावंडांनी आवळला होता. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. फुटत असता तर तिथल्या तिथे मी विरघळून गेलो असतो.

घरी आल्यावर झिलईवाल्यांनी चाकाचा पट्टा स्वतःच्या हाताने कापला. गल्लीतली माणसं भेटायला आली की ते तुटक्या श्वासात सांगत, “चाकावर पाणी सोडा रे. हा मान नव्हे, मरण आहे.” काहींनी मान डोलावली. काही म्हणाले, “तुम्ही आराम करा, झिलईवाले. बोलू नका जास्त.” समोरच्या एकाने मात्र त्याच आठवड्यात चाकावर पाण्याचा नळ बसवला. झिलईवाल्यांना खिडकीतून तो दिसायचा.

त्यांना आडवं होता येईना. उशांना टेकून ते बसल्या बसल्या झोपत. आणि बायको? तिला सगळं कळलं होतं. तरी दुपार झाली की तिचा हात माझ्याकडे यायचाच. लेक म्हणाली, “आई, कशाला आता?” ती म्हणाली, “अगं, मग मी हातांनी करू तरी काय?” लेकीने मला उचलून आईच्या तळहातावर ठेवलं.

अशाच एका दुपारी खिडकीतून ऊन आलं होतं. मी छातीवर होतो. आतली शिट्टी बारीक होत गेली, आणि मग वाजलीच नाही. मला सगळ्यांच्या आधी कळलं. बायको शेजारी मणी ओवत होती. लेक पाणी घेऊन आली, वडिलांचा चेहरा बघून तिच्या हातातला पेला पडला. “आई! बाबा…”

बायकोने माझ्यावर बोट ठेवलं.

“थांब गं,” ती म्हणाली. “रडू नकोस. दगड गरम आहे अजून. ओढतोय.”

ती तसंच बोट ठेवून बसली. शेजारणी आल्या, तरी उठेना. मी हळूहळू गार पडत गेलो. मला गार पडायचं नव्हतं. हजारो वर्षांत मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं की ही बाई बोट काढेपर्यंत तरी आपण गरम राहावं. राहता आलं नाही. पूर्ण गार झालो तेव्हा तिने बोट काढलं आणि हंबरडा फोडला.

पुढे काही दिवसांनी ऊर्जाताई आल्या. उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते. “माझ्यामुळे उशीर झाला ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगितलंत. ठेवत मी होते,” बायको म्हणाली. “या, बसा.”

त्या बसल्या. बायकोने पाणी पुढे केलं. मग ऊर्जाताई चाचरत म्हणाल्या, की त्यांच्याकडे गल्लीतलाच एक तरुण येतो, छाती भरते म्हणतो. बायको ताडकन उठली. “त्याला आडवं करू नका. हात धरून दवाखान्यात न्या. उद्या नाही, आत्ता!” आणि ऊर्जाताई चप्पल घालून खरोखरच तशाच निघाल्या.

मी आता फळीवर असतो. धूळ बसली की लेक ओल्या फडक्याने पुसते. मित्रांनो, मला सुंदर म्हणा, जुना म्हणा, गळ्यातही घाला. माझी ना नाही. पण मला घासणाऱ्याच्या श्वासाची आधी चौकशी करा. आणि कधी दुखणाऱ्या अंगावर मला ठेवलंत आणि मी गरम लागलो, तर हुरळून जाऊ नका. ती ऊब माझी नसते. ती ज्याची आहे, त्याच्याकडे बघा.