माफीचा सीन

"चुकलो," ड्वाइट हॅलोरन म्हणाला. "चूक माझी. ऑगीची नाही. सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. सकाळपासून दुसरं ऐकत काय होतो आम्ही? कोठडीच्या सेटवर जमिनीवर खडूची खूण होती. ड्वाइटने दारातून चालत यायचं, खुणेवर थांबायचं आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या हातातल्या माफीच्या कागदाकडे बघायचं, एवढंच काम. पण दर वेळी तो खुणेच्या वीतभर अलीकडे थांबायचा, नाहीतर वीतभर पलीकडे. सीन रात्रीचा, उजेड मंद. असल्या उजेडात कॅमेऱ्याचा फोकस वीतभर जागेतच टिकतो. माणूस तिथून हलला की चेहरा पुसट येतो आणि तो टेक कचऱ्यात जातो.

फोकस सांभाळणं हे ऑगीचं काम. पन्नाशीचा, ढेरपोट्या, गळ्यात मोजायची टेप. फोकस बिघडला की पहिली बोलणी त्यालाच बसतात, म्हणून ड्वाइट दर टेकनंतर आपली चूक मोठ्याने जाहीर करत होता.

"या माणसासाठी मी टेप काढतच नसे," ऑगी माझ्या कानाशी पुटपुटला. "गोळी खाऊन घोड्यावरून पडायचा तोसुद्धा खुणेवर. खाली न बघता. आणि आज बघ!"

"वय झालं असेल," मी म्हटलं.

"वय कसलं! मुद्दाम करतोय बेटा."

ते मलाही दिसत होतं. मी विल्मा श्टास्नी. फिल्म कापणं आणि जोडणं हा माझा धंदा, आणि माझी जागा स्टुडिओच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. पण त्या दिवशी स्टुडिओप्रमुख पेंडरगास्टसाहेबांनी मला मुद्दाम सेटवर पाठवलं होतं. ड्वाइटने काढलेल्या पिक्चरचा शेवट कापून तिथे नवा शेवट चिकटवायचा होता, आणि तो बेमालूम बसेल ना हे मी बघायचं होतं. म्हणजे चोरीचा माल नीट बांधून द्यायला मी.

ड्वाइटला तुम्ही पाहिलेला असणार. नाव आठवणार नाही, पण तुटलेली डावी भुवई आणि ती लांब हनुवटी आठवेल. पंधरा वर्षं तो पडद्यावर माणसं मारत होता, गुरं पळवत होता आणि शेवटच्या रिळात नायकाच्या गोळीने मरत होता. प्रत्यक्षात इतका गरीब माणूस मी बघितला नाही. पण भाजी घ्यायला गेला तरी दुकानातली बाई गल्ल्यावर हात ठेवायची. तो टोपी काढून तिला नमस्कार करायचा, तर ती आणखीच घाबरायची.

युद्धात तरुण दिग्दर्शक फौजेत गेले आणि स्टुडिओला माणसं कमी पडली. तेव्हा पेंडरगास्टसाहेबांनी ड्वाइटला घोड्यांचे दोन-चार स्वस्त पिक्चर काढायला दिले. ते त्याने वेळेत काढले आणि चांगले काढले. तोवर इतरांनी काढलेली त्याची मरणं मीच कापत-जोडत आले होते. त्याचे स्वतःचे पिक्चर यायला लागल्यावर मला कळलं की या माणसाला अक्कल आहे.

इतर दिग्दर्शक एकच सीन चार बाजूंनी घेऊन ठेवतात. मग वरचे साहेब हवा तसा कापतात, हवा तसा फिरवतात. ड्वाइट लागेल तेवढंच घ्यायचा. हवा तो क्षण मिळाला की कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तळहात धरायचा. स्वतः कॅमेऱ्यासमोर असला की ऑगीला हात धरायला लावायचा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी हात! जोडायचं तर त्याच्याच मनासारखं, दुसरा इलाजच नाही.

"शहाणा आहेस," मी त्याला एकदा म्हटलं.

"शहाणा नाही गं. लोकांनी मला इतक्यांदा कापलाय की कुठे कापतात ते पाठ झालंय."

युद्ध संपल्यावर त्याने हा पिक्चर काढला. एका गावात एका माणसावर खुनाचा आळ येतो. त्याने खून केला नाही हे गावाला ठाऊक असतं, पण खरा खुनी गावातला बडा असामी. तो मधेच घोड्यावरून पडून मरतो, तरी त्याच्या घराण्याच्या धाकाने कुणी तोंड उघडत नाही. शेवटी त्याला फाशी होते. ड्वाइटने फास दाखवलाच नाही. गावकऱ्यांचे चेहरे दाखवले. मग ती माणसं जेवायला घरी जातात आणि पिक्चर संपतो. मुख्य नटाने ऐन वेळी पाय मोडून घेतला, म्हणून ती भूमिका ड्वाइटने स्वतःच केली. जन्मात पहिल्यांदा तो पडद्यावर निरपराध होता.

साहेबांनी पिक्चर बघितला आणि दिवे लागले. पेंडरगास्ट वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"पिक्चर चांगला आहे," ते म्हणाले. "पण शेवट बदल. फाशीच्या आधी राज्यपालांची माफी येऊ दे."

"माफी येत नाही, साहेब."

"अरे, लोकांची पोरं युद्धावरून परत आली नाहीत. निदान पिक्चरमध्ये तरी कुणीतरी वेळेवर आलेलं त्यांना बघायचंय. एवढं कळत नाही तुला?"

"कळतं, म्हणून तर. ज्यांच्या दारात कुणी आलं नाही, त्यांच्याशी मी खोटं बोलू?" ड्वाइट उभा राहिला. "साहेब, पंधरा वर्षं मी पडद्यावर मरतोय, आणि मी मेलो की थिएटरात टाळ्या पडतात. पोरं शिट्ट्या मारतात. एकदा, फक्त एकदा, माणूस मेल्यावर कुणी टाळी वाजवू नये असा पिक्चर मला काढायचा होता. तो मी काढलाय. याला हात लावू देणार नाही."

"हात मी लावीन. तू फक्त नवा शेवट घे."

"नाही."

त्याच दुपारी दिग्दर्शक म्हणून त्याला काढलं. दाराच्या काचेवरचं त्याचं नाव पुसायला रंगारी आला. पण नट म्हणून त्याचा सात वर्षांचा करार शिल्लक होता. स्टुडिओ सांगेल त्या दिग्दर्शकासमोर, सांगेल ते काम करायचं. नाही म्हटलं तर बिनपगारी घरी, आणि मग गावातला दुसरा कुठलाही स्टुडिओ दारात उभं करत नाही. साहेबांनी त्याच करारावर बोट ठेवलं: सोमवारी सकाळी माफीचा सीन, दिग्दर्शक लॉइड टॉबिन, नट ड्वाइट हॅलोरन.

"नको जाऊस," मी त्याला म्हटलं. "घरी बस."

"घरी बसलो तर माझ्याजागी कुणालातरी पाठमोरा उभा करतील. मी जाणार. वेळेवर जाणार. शेंडी तुटो की पारंबी."

आणि तो खरंच सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मेकअप चोख, संवाद पाठ. फक्त खूण सापडत नव्हती.

"ड्वाइट," जेवणाच्या सुट्टीआधी टॉबिन केविलवाणा होऊन म्हणाला. बिचाऱ्याला आधीच आम्लपित्त, सारखा सोडा घालून पाणी प्यायचा. "मला दोन मुली आहेत रे."

"तुझा राग नाही, लॉइड. फरशीच वाकडी आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" ऑगी मागून ओरडला आणि सगळा सेट हसला. टॉबिनसुद्धा हसला. मग सोड्याचा पेला शोधायला लागला.

जेवताना ड्वाइट आमच्याच टेबलावर होता. घेवड्याची तिखट उसळ आणि मक्याचा पाव त्याने मन लावून खाल्ला, वर ॲपल पाय मागवला. मी पावाचे तुकडे करत बसले होते.

"किती वेळ टिकणार हे?" मी विचारलं. "साहेब येतील आता."

"येऊ देत."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की." त्याने काट्याने आणखी एक घास घेतला. "पण भीती वाटली म्हणून खोटं हसायचं, हे मला जमायचं नाही."

साहेब आले ते थेट सेटवर. काही विचारलं नाही, कुणावर ओरडले नाहीत. सुताराला बोलावलं, एक खुर्ची खुणेवर ठोकून घेतली आणि म्हणाले, "बस."

ड्वाइट बसला. सुताराने पाठीला टेकायला फळीसुद्धा लावली. आता हलायचं कुठे? ऑगीने टेप लावली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "फोकस पक्का."

म्हटलं, संपलं. एवढा पहाडासारखा माणूस, शेवटी चार खिळ्यांनी हरवला.

"लिहिलंय तसं कर," साहेब म्हणाले. "माफी वाचून दाखवतात. तो हसतो. बस."

"तो हसतो," ड्वाइट म्हणाला. "करतो, साहेब."

कॅमेरा सुरू झाला. तुरुंगाधिकारी झालेल्या नटाने माफी वाचली. ड्वाइटने ऐकली. आधी काहीच झालं नाही. मग त्याची तुटकी भुवई हळूच वर गेली, ओठाचा एकच कोपरा हलला, आणि तो हसला. सगळ्या देशाला माहीत असलेलं हसू. बँक लुटून, दोन माणसं लोळवून, दारातून बाहेर पडताना हसायचा ते. कोठडीत निरपराध माणूस बसलाच नव्हता. तिथे एक पक्का खुनी बसला होता, आणि साऱ्या जगाला गंडवून तो सुटला होता.

"कट!" टॉबिन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"पुन्हा," साहेब म्हणाले. "गोड हस."

दुसऱ्यांदा तो आणखी गोड हसला. ते तर बघवत नव्हतं. दिवे धरणारा एक जण पुटपुटला, "आयला, केलाय याने खून."

साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या धंद्यात एक नियम बायबलपेक्षा कडक आहे: पडद्यावर खुनी सुटता कामा नये. खुनी सुटलेला दिसला की सेन्सॉर पिक्चर पास करत नाही. निरपराध म्हणून फाशी गेलेला चालतो, पण हे हसू घेऊन सुटलेला चालत नाही.

"दुसरं हसू काढ," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"दुसरं नाही माझ्याकडे," ड्वाइट खुर्चीतूनच म्हणाला. "एवढंच आहे. पंधरा वर्षं तुम्हीच विकलंत ना?"

साहेब माझ्याकडे वळले. "विल्मा, त्याचा चेहरा न दाखवता जोडता येईल?"

मी तोवर स्टुडिओत कधी उलट बोलले नव्हते.

"येईल की, साहेब," मी म्हटलं. "पण माफी मिळालेल्या माणसाने तोंड का लपवलंय, असं लोक विचारतील. मी असते तर विचारलं असतं."

थिएटरं ठरलेली होती, तारखा कळवून झालेल्या होत्या. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, टॉबिनला घरी जायला सांगितलं आणि ड्वाइटच्या खुर्चीजवळ गेले. "पिक्चर तुझ्या शेवटाने जाईल," ते म्हणाले. "पण तुझ्या नावाने जाणार नाही. आणि या फाटकातून तू पुन्हा आत येणार नाहीस. या गावात कुठल्याच फाटकातून नाही."

"चालेल," ड्वाइट म्हणाला. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "उठू का आता?"

साहेबांनी शब्द पाळला, दोन्ही बाबतींत. ड्वाइट नंतर एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला.

पिक्चर लागला तो दुसऱ्या एका नाचगाण्याच्या पिक्चरच्या शेपटाला, एका तिकिटात दोन. शनिवारी दुपारी मी आणि ड्वाइट शेजारच्या ग्लेनडेल गावात बघायला गेलो. थिएटर निम्मं रिकामं. सुरुवातीची नावं आली: मेकअपवाल्याचं आलं, माझं आलं, ऑगीच्या साहेबाचं, म्हणजे कॅमेरामनचं आलं. दिग्दर्शकाचं आलंच नाही, नटांतही ड्वाइटचं नव्हतं. माझा जीव तुटला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो मक्याच्या लाह्या खात होता.

शेवटी गावकरी जेवायला घरी गेले आणि दिवे लागले. एक टाळी पडली नाही. एक शिट्टी नाही. लोक कोट चढवत, एकमेकांकडे न बघता बाहेर निघाले.

बाहेर तिकिटाच्या खिडकीशी एक बाई मॅनेजरला धारेवर धरून उभी होती. साठीच्या आसपासची, डोक्यावर काळी हॅट, डोळे लाल.

"एवढा गाव जमलेला!" ती ओरडत होती. "आणि एकालाही तोंड उघडता आलं नाही? एकालाही? कुणी काढलाय असला पिक्चर?"

"मला काय माहीत, बाई? नावच नाहीये त्यावर."

"नाव नाही? लाज वाटली असेल!"

ड्वाइटने लाह्यांची पुडी माझ्या हातात दिली, टोपी काढली आणि तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती एक पाऊल मागे सरली. तो चेहरा बघून सगळेच सरायचे.

"मी काढलाय, बाई."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मघाशी पडद्यावर फाशी गेलेला तो हाच, हे तिने ओळखलं. भीती कुठल्या कुठे गेली आणि तिने तोंड सोडलं. त्या भल्या माणसाला वाचवायला काय झालं होतं, तुम्हाला काळीज आहे की नाही, मी आता घरी जाऊन झोपू कशी, असं सगळं तिने भर गर्दीत सुनावलं. ड्वाइट टोपी हातात धरून ऐकत राहिला. इतका सुखी झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मी स्टुडिओला लिहिणार आहे!" ती शेवटी म्हणाली.

"जरूर लिहा," ड्वाइट म्हणाला. "पण नावानिशी लिहा. ड्वाइट हॅलोरन."

"काय म्हणालात?"

"ड्वाइट हॅलोरन," तो म्हणाला, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.