नकाशातली पाणपोई

तोंडभरून ‘काका’ म्हणणारं अनोळखी माणूस दिसलं की छगनच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. रुळांलगतच्या त्याच्या जुन्या वस्तीत असाच एक गोडबोल्या फोन घेऊन आला होता. किती घरं, किती माणसं, नळ कुठे, सगळं विचारून गेला. दोन महिन्यांत वस्तीच्या जागी मोकळं मैदान झालं. तेव्हापासून छगन कोणाला धड नावही सांगत नसे, मग फोन नंबर तर लांबच.

डिंडोलीहून पलसाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कडुनिंबाखाली त्याची पाणपोई होती. फाल्गुनात एके दिवशी एका मुलीने तिथे मोपेड थांबवली आणि विचारलं, “काका, पाणी केव्हापासून ठेवता?” झालं, छगनचे कान टवकारले.

पाणपोई मंदाच्या नावाची; तेवढं एक नाव तो पाणी पिणाऱ्यांना सांगे. मंदा म्हणजे त्याची बायको. दर चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडाला पायी जायची. शेवटच्या खेपेला परत आली ती ओठ फुटलेली. “या रस्ताले पानीना थेंब नही शे,” म्हणाली, “तुम्ही आठे माठ ठेवा.” त्याच पावसाळ्यात ती गेली. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशी रीतीप्रमाणे तिच्या नावाची घागर भरायची होती. छगनने ती घरात न भरता निंबाखाली भरली. घागरीचं पाणी गेलेल्या माणसाला पोचतं, असं त्याची आई सांगे. मग गडाला निघालेल्या माणसांनी प्यायलेलं पाणी मंदाला का नाही पोचणार? हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण कापडाच्या लूमवरचं काम सुटल्यापासून त्याचा सगळा जीव या एका गोष्टीत होता. चैत्रात शे-दोनशे माणसं तिथे पाणी पीत. त्या एका दिवसासाठी तो वर्षभर माठ घासत असे.

“तुले कोनी धाडं?” त्याने मुलीला विचारलं.

“कोणीच नाही, काका,” ती गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. “मी निशा, उधन्याला राहते. आम्ही चार-पाच जणं रस्त्यातल्या वेगळ्या जागा शोधतो ने, त्या नकाशावर टाकतो. खुल्ला नकाशा आहे. कोणीही लिहायचं, कोणीही बघायचं.”

“पगार कोन देस?”

“पगार कसला? आवडतं म्हणून करतो.”

इथेच ती फसली. रणरणत्या उन्हात, फुकट, आवडतं म्हणून! छगन माठांच्या आडवा येऊन उभा राहिला. निशाने फोन पुढे करून दाखवलं. बारडोलीच्या वाटेवर झाडाच्या बुंध्यात अर्धा रुतलेला मैलाचा दगड. एका बसस्टॉपमध्ये कोणीतरी टांगलेला झोपाळा. आणि या रस्त्यावर एक निळा ठिपका.

“ही तुमची पाणपोई. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलीय. बारा महिने चालू असते का, जागा कोणाची, एवढं सांगा ने. एक फोटो काढू?”

जागा कोणाची! छगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “फोटो नही. चाल, नीघ आठून.”

“बरं, तुम्ही नाही म्हणता तर नाही काढत,” ती म्हणाली. “रविवारी परत येते. तोवर विचार करा.”

रविवारी येते म्हणजे टेप घेऊन येणार, मागून नोटीस, त्यामागून मशीन. छगनला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. शनिवारी त्याने तिन्ही माठ हातगाडीवर घालून घरी नेले, माठांखालचा ओटा खरवडला, त्यावर माती पसरली. रविवारी निशा आली तेव्हा तो रिकाम्या ओट्यावर बिडी ओढत बसला होता.

“माठ कुठे गेले?”

“फुटी गयात. बंद करी टाकं.”

“कायमचं?”

“कायमनं.”

तिचा चेहरा पडला. छगनने तो नीट न्याहाळला आणि ठरवलं, की पोरगी नाटक चांगलं करते.

“मग तसं लिहायला लागेल, काका. नाहीतर कोणी भरवशावर येईल आणि तहानेलं राहील.” तिने फोनवर बोट फिरवलं आणि मोपेडला किक मारली.

सोमवारी माठ परत निंबाखाली आले. शिकलेल्या पोरीच्या हातावर कशा तुरी दिल्या, या आनंदात छगन महिनाभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

चैत्रात, पायी जाणाऱ्यांच्या दिवशी, त्याने तिनाचे पाच माठ केले. त्यांच्या तोंडाला लाल फडकी बांधली, ताटलीत गुळाचे खडे ठेवले आणि झेंडे दिसायची वाट बघत बसला. दहा वाजले, अकरा वाजले. ट्रक गेले, टेम्पो गेले. झेंडा एकही नाही. दिवस चुकला की काय म्हणून त्याने दोनदा कॅलेंडर आठवून पाहिलं. बारा वाजता तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, तेव्हा कपाळाला भगवी पट्टी बांधलेला एक तरुण मोटरसायकलवरून आला आणि माठ बघून थांबला.

“अरे, इथे पाणी आहे?” तो घटाघटा प्यायला. त्याचं नाव किरण. पायी जाणाऱ्यांच्या मंडळाचा हा कार्यकर्ता पलसाण्याहून औषधं घेऊन परत निघाला होता.

“तुमनं मंडळ कथं शे?”

“आम्ही यंदा कालव्याच्या वाटेने वळलो, काका. लांब पडतं, पण तिकडे पाणी आहे. निघण्याआधी नकाशात बघून घेतलं. मागच्या दोन वर्षी हीच पाणपोई बघून इकडून यायचो.” त्याने फोन काढून दाखवला. “हे बघा, आधी काय लिहिलं होतं: मंदाबाईची पाणपोई, पाणी गार, भांडी स्वच्छ. आणि आता लिहिलंय, कायमची बंद. बायका-पोरांना घेऊन कोण जोखीम घेणार?”

छगनला ती अक्षरं नीट वाचता येत नव्हती, तरी तो बघत राहिला.

“पाच माठ भरलेले, आणि म्हणे बंद!” किरण चिडून म्हणाला. “कोणी सांगितलं असेल हो असं?”

“मीच.”

किरणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. छगनने माठात लांब दांड्याचं ओगराळं बुडवून पुन्हा त्याच्यापुढे धरलं. तो प्यायला. छगनने आणखी एक भरलं. “पी, भाऊ. मंदाना नावनं पी.” तेही तो कसंबसं प्यायला. पुढचं ओगराळं आलं तेव्हा त्याने हात आडवा केला.

“बस, काका. पोट भरलं.”

छगन ते भरलेलं ओगराळं तसंच पुढे धरून उभा राहिला.