कोरड्या काडीचा डाग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या कोटातल्या जनुकबाबांनी एका म्हाताऱ्याच्या तोंडात कापसाची काडी फिरवली आणि पेल्यात बुडवली. नितळ पाणी गुलाबी झालं. लोकांनी हात जोडले.

"पूर्वजांच्या पापाचा डाग. शास्त्रज्ञ याला मिथाइल म्हणतात," बाबा म्हणाले. "मेंदूतल्या जनुकांना चिकटतो. औषधाने जात नाही, माझ्या बोटाने जातो." त्यांनी पेल्यात बोट फिरवलं. पाणी परत नितळ.

माझी धाकटी बहीण लेकीला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. बोलायला लागलेली माझी भाची दीड वर्षाची झाल्यावर हळूहळू मुकी झाली. हातातलं खेळणं सुटलं. धुतल्यासारखे हात चोळत राहायची. मग फिट येऊ लागल्या. "तुमच्याच घराण्याचा डाग," सासूबाई म्हणाल्या, आणि बहिणीने बाबांची वाट धरली. बाबांनी पहिल्याच भेटीत फिटचं औषध बंद करायला लावलं. मग अशी फिट आली, की थांबेचना. पोर दवाखान्यातून वाचून आली, पण घास गिळणं गेलं.

तरी बहीण पुन्हा आली होती. "या वेळी पूर्ण निघेल म्हणतात, ताई."

आमचा नंबर आला. बाबांच्या मदतनिसाने डब्यातून नवी काडी काढली, ती मी त्याच्या हातातून घेतली. कुणाच्याही तोंडात न घालता नव्या पेल्यात बुडवली. पाणी गुलाबी.

"हा कुणाचा पूर्वज?" मी विचारलं.

"बाई, तुमच्या हातात दोष आहे."

"मग तुम्ही बुडवा."

बाबा हलले नाहीत. मघाच्या म्हाताऱ्यानेच डब्यातली काडी उचलली आणि तशीच दुसऱ्या पेल्यात बुडवली. पुन्हा गुलाबी.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मी लोकांना सांगितलं, "कापसाला धुण्याचा सोडा लावलाय. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे, ते सोड्याने गुलाबी होतं. बाबांच्या बोटाला लिंबूसत्व, त्याने रंग जातो. शाळेतली पोरं करतात हे."

काही जण उठले. बरेचसे बसूनच राहिले. "शास्त्राला तरी कुठे सगळं कळतं?" कुणीतरी म्हणालं.

बाहेर पायरीवर बहिणीने विचारलं, "म्हणजे डाग नाहीच?"

"मिथाइलच्या खुणा खऱ्या आहेत. तुझ्यात, माझ्यात, त्या बाबातही. कुठलं जनुक गप्प ठेवायचं, ते मेंदूच्या पेशींना त्यांवरून कळतं. हिच्या खुणा आहेत जागच्या जागी. त्या वाचणारं प्रथिन बिघडलंय. खुणा पुसून काय होणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं आपल्याला."

"माझ्या घराण्यामुळे नाही?"

"नाही. हा बिघाड बहुतेक वेळा नव्यानेच होतो. कुणाच्या पापाने नाही."

तिने पोरीची लाळ पुसली. "मग मी औषध का थांबवलं गं?"

मी पोरीला माझ्या कडेवर घेतलं.

औषध पुन्हा सुरू झालंय. गिळणं परत आलेलं नाही. बाबा दुसऱ्या शहरात आहेत, गर्दी तेवढीच आहे. श्रद्धेने कुणाचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी माझ्या भाचीला नळीतून दूध देताना एकदा पाहावं. शास्त्राचा शब्द उच्चारला म्हणून माणूस शास्त्रज्ञ होत नाही. त्याला पुरावा मागा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.