नळ्यांखालचे लाकूड

इनॉक रेस्ट्रिक गेला तेव्हा त्याची दुनळी बंदूक भिंतीवरच होती, पण अपुरी. नळ्या होत्या, दस्ता होता, दोन्ही चाप होते. नळ्यांना खालून धरून ठेवणारा वीतभर लाकडी तुकडा तेवढा नव्हता. त्याच्यावाचून बंदूक मधून उघडली की नळ्या हातात येत आणि दस्ता जमिनीवर पडे. इनॉक इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका दरीत रानराखा होता, जमीनदाराच्या रानातली शिकार राखणारा. त्या दरीत रानराखा मेला की त्याची उघडलेली बंदूक हातावर आडवी घेऊन त्याचा सर्वांत जुना सोबती शवपेटीपुढे चालतो. इनॉकचा तसा सोबती म्हणजे सेथ अल्डरसन. आणि ते लाकूड सेथनेच चोरले, असे इनॉक वर्षानुवर्षे गुत्त्यात सांगत आला होता.

अंत्यविधी उद्यावर आला होता. पेटीपुढे कोणाला चालू द्यायचे, हे इनॉकच्या मुलीला, हिल्डाला, आजच ठरवायचे होते.

बंदूक गुंडाळून ती रिचमंडच्या बंदूकवाल्याकडे गेली. त्याने नळ्यांवरचा आणि आतल्या लोखंडावरचा क्रमांक जुळवून पाहिला. बंदूक बर्मिंगहॅमची, त्याच्या स्वतःच्या आजोबांच्या काळातली. दस्ता मागाहून आखूड केलेला, बहुधा जुन्या जमीनदाराने ती इनॉकला बक्षीस दिली तेव्हा. हरवलेल्या लाकडावरही हाच क्रमांक असणार, पण ते कानशीने घासून घासून याच बंदुकीला बसवलेले. दुसऱ्या कुठल्याही बंदुकीला लागणार नाही, असे तो म्हणाला. विकायला कोणी आणलेही नव्हते.

परतीच्या बसमध्ये हिल्डाला तेच खुपत राहिले. लोभाला निदान एक चेहरा असतो. या चोरीला तोही नव्हता. बाहेर धुके दगडी कुंपणे एकेक करून पुसत चालले होते, आणि तिच्या मनात सेथचे प्रत्येक जुने हसू पुन्हा उजेडात धरून तपासले जात होते. भाऊ, जोनास, युद्धात पडल्याची तार आली त्या हिवाळ्यात हा माणूस रोज संध्याकाळी चुलीपाशी येऊन न बोलता बसे. सोबत म्हणून बसे, की काही हेरत असे?

सेथ आपल्या घराच्या दारात बुटांचा चिखल खरवडत होता. लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती.

"मिस्टर अल्डरसन, बाबांच्या बंदुकीचं लाकूड तुमच्याकडे आहे का?"

"मिस्टर," सेथ बुटालाच म्हणाला. "आज भलताच मोठा माणूस झालो की मी." मग म्हणाला, "आहे."

नकाराची तिने तयारी केली होती; होकाराची नव्हती. म्हणजे बाबा खरेच बोलत होते.

सेथने आतून एक पुरचुंडी आणली. हिल्डाची नजर आधी फडक्यावर गेली. कडेला निळी, वेडीवाकडी टीप. शाळेत तिनेच घातलेली. या टिपेवरून आई अगदी शेवटपर्यंत तिला चिडवत असे. हे फडके चोरून नेण्यासारखे नव्हते. ते आईनेच दिलेले असणार.

सेथने थांबत थांबत सांगितले. तार आल्यानंतर इनॉक रात्री एकटाच भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसू लागला होता. रानराख्याची बंदूक काढून घेणे म्हणजे साऱ्या दरीसमोर त्याला वेडा ठरवणे. म्हणून हिल्डाच्या आईने बंदूक भिंतीवरच राहू दिली, आणि बर्फ तुडवत येऊन एवढे लाकूडच सेथच्या हातात ठेवले.

"मग बाबा तुम्हाला चोर का म्हणायचे?"

"वसंतात मागायला आला होता. मी म्हटलं, इतक्यात नाही. मग लोक विचारणारच ना, बंदूक पडून का म्हणून. काहीतरी सांगायला हवं होतं त्याला."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"शिव्या घालणारा माणूस जिवंत असतो, पोरी."

घरी येऊन तिने लाकूड बसवले. ते खट्‌कन बसले. तसला दुसरा तुकडा रिचमंडला सहज करून मिळाला असता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले. बाबा तिथे कधी गेलेच नाहीत. संशय त्यांनाही होता; पण तो सेथचा नव्हता, स्वतःचा होता.

सकाळी सेथ काळा कोट घालून आला. हिल्डाने बंदूक उघडली, खिडकीकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहिला आणि ती त्याच्या हाती दिली.

"रिकामी आहे, काका."

सेथने मान डोलावली. मग खिडकीकडे वळून, इनॉकने दोघांनाही शिकवले होते तसे, त्याने दोन्ही नळ्यांतून स्वतः पाहिले. आणि बंदूक हातावर आडवी घेऊन तो पेटीपुढे जाऊन उभा राहिला.