व्यत्यास

गुंडोरावांनी दाराची कडी काढली आणि पुढे टाकलेलं पाऊल तसंच मागे घेतलं. पायरीपुढे कोलम नव्हतं.

टी. नगरच्या त्या गल्लीत बाकी प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांची रांगोळी होती. पत्नी अंबुजाबाई इस्पितळात गेल्यापासून शेजारची धनलक्ष्मी आपल्याबरोबर यांच्याही दारात कोलम काढी. मरण झालेल्या घरापुढे मात्र कोलम कुणी काढत नाही. आणि गल्लीत टेलिफोन एकट्या धनलक्ष्मीकडे. गुंडोरावांचा मुलगा रात्रभर इस्पितळात बसलेला. निरोप यायचा तो तिच्याकडेच.

तिच्या दाराकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"ताता, कॉन्व्हर्स म्हणजे काय हो?" नात चंद्रिका भूमितीचं पुस्तक घेऊन मागे उभी होती.

"व्यत्यास." जन्मभर शिकवलेलं आपसूक ओठांवर आलं. "मरण झालं तर दारात कोलम नाही, हे खरं. पण कोलम नाही, म्हणून मरण झालं, असं होत नाही! उलटं विधान आपोआप खरं ठरत नाही. कळलं?"

आवाज उगीचच चढला होता.

धनलक्ष्मी बाहेर आली.

"काय सार, सकाळी सकाळी पोरीवर ओरडताय?" मग तिची नजर खाली गेली. "अय्यो! मी काढलं होतं की. आधी तुमचंच, मग माझं."

गुंडोरावांना हायसं वाटलं. त्यांनी वाकून हात लावला. पायरीपुढची जमीन ओली होती, घासून धुतलेली.

"तू धुतलीस, चंद्रिका?"

"मी आत्ता उठले."

दाराला तर आतून कडी होती. त्यांनी वळून पाहिलं. दाराआड अंबुजाबाईंची पितळी बादली होती. तिच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.

चंद्रिका हसली. "आजीच असणार! घरी असली की दुसऱ्याचं कोलम ठेवते का ती आपल्या दारात? पुसतेच." मग पुस्तकात बोट अडकवून म्हणाली, "पण कोलम पुसलंय, म्हणून आजी घरी आली, असं म्हणता येणार नाही. तोही व्यत्यासच. बरोबर ना?"

शेजारी टेलिफोन वाजू लागला. धनलक्ष्मी आत धावली.

"ताता, बरोबर ना?"

गुंडोराव दाराच्या मधोमध उभे होते, ते फक्त एका अंगाला सरकले, कुणाला वाट द्यावी तसे.